सुपीकतेचे माप : राब, गिरिपुष्प आणि सह्याद्रीतील वनमृदेचा इतिहास

प्रास्ताविक

भारतातील वनांचा इतिहास प्रामुख्याने कायद्यांचा, हक्कांचा आणि संघर्षांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. १८६४ साली डीट्रिश ब्रँडिस यांची पहिले वन महानिरीक्षक म्हणून झालेली नेमणूक, १८७८ चा वन अधिनियम, राखीव आणि संरक्षित वनांची आखणी, त्यातून उद्भवलेले जंगल सत्याग्रह, असा त्याचा रूढ क्रम आहे. या इतिहासात झाडे येतात, माणसे येतात, क्वचित जनावरेही येतात. झाडाखालची माती मात्र सहसा येत नाही. तिला इतिहास असतो हेच आपण फारसे गृहीत धरलेले नाही.

परदेशातून आलेल्या आक्रमक वनस्पती वनातील पोषकद्रव्यांचे चक्र कसे बदलतात, हा प्रश्न वरवर पाहता परिसरशास्त्राचा आहे. त्याची मोजमापे प्रयोगशाळेत होतात. परंतु या वनस्पती वनात आल्या कशा, कोणत्या गुणासाठी आणल्या गेल्या आणि त्या गुणाची पारख कोणी, कोणत्या जमिनीवर उभे राहून केली, हे प्रश्न इतिहासाचे आहेत. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, सह्याद्री आणि कोकणाच्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरे भातखाचराकडे जातात. ज्या झाडांनी शेताची माती ‘सुधारते’ म्हणून ती डोंगरावर लावली गेली, त्या झाडांचा वनाला होणारा उपद्रव नेमका त्याच सुधारणेतून होतो. सुपीकतेचे माप शेताचे होते आणि ते वनाला लावले गेले.

वनातील देवघेव

शेत आणि वन यांच्या पोषणात मूलभूत फरक आहे. शेतातून दरवर्षी पीक बाहेर जाते, म्हणून बाहेरून खत आणावे लागते. वनात गळालेले पान तेथेच कुजते, त्यातील नत्र, स्फुरद, पालाश, चुना पुन्हा मुळांवाटे झाडात जातात. बाहेरून येणारी भर अल्प असते आणि बाहेर जाणारी तूटही अल्प असते. सह्याद्रीच्या जांभ्या मातीत तर लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात. झाडाला तो सहजी मिळत नाही. अशा मातीवरचे वन पालापाचोळ्याच्या पातळ थरावर आणि त्यातील बुरशी व जिवाणूंवर जगत असते.

यात काळवेळेला मोठे महत्त्व आहे. बनारस हिंदू विश्वविद्यालयातील जे. एस. सिंग, ए. एस. रघुवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विंध्य प्रदेशातील शुष्क वनांवर केलेले संशोधन १९८९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कोरड्या ऋतूत मातीतील सूक्ष्मजीव नत्र व स्फुरद आपल्या शरीरात साठवून ठेवतात आणि पावसाळ्यात, म्हणजे झाडे वाढीला लागतात तेव्हा, तो साठा मोकळा होतो, असे त्यांनी दाखवून दिले. घरातील बियाणे मृगापर्यंत जपून ठेवावे, तशी ही व्यवस्था आहे. मातीत किती पोषकद्रव्य आहे एवढेच पाहणे पुरेसे नसते. ते कोणत्या आठवड्यात सुटते आणि त्या आठवड्यात ते घेण्यास कोण तयार असते, यावर वनाची घडण अवलंबून असते. लवकर कुजणारी आणि नत्राने समृद्ध पाने गाळणारी वनस्पती आली की, या वेळापत्रकालाच धक्का बसतो.

राबाचा वाद

कोकणात भाताचे रोप तयार करण्याची जुनी रीत राबाची. ऐन, किंजळ अशा झाडांचा टहाळ, म्हणजेच कवळ, शेण आणि गवत यांचे थर रोपाच्या जागेवर पसरावयाचे, वर मातीचा पातळ थर द्यावयाचा आणि पावसाळ्यापूर्वी ते सावकाश भाजावयाचे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत यालाच दाढ भाजणे म्हणत. या भाजणीत नत्राचा बराच अंश हवेत जातो. परंतु राखेतून पालाश आणि स्फुरद मिळतो, तणांचे बी मरते आणि तापलेल्या मातीतील सेंद्रिय नत्र रोपाला उपलब्ध होतो. शेतकऱ्याला ही रासायनिक मीमांसा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. राब भाजलेल्या जागेतले रोप आणि न भाजलेल्या जागेतले रोप यांतील फरक त्याला डोळ्यांनी दिसत होता.

पोषणाच्या दृष्टीने पाहिले तर राब हे वनातून खाचराकडे होणारे पोषकद्रव्यांचे वहन होते. खाचराला जोडून असलेली वरकस जमीन आणि तिच्यापलीकडचे रान ही त्याची उगमस्थाने होती. १८७८ च्या अधिनियमानंतर रानाच्या सीमा आखल्या गेल्या, कवळ तोडण्यावर निर्बंध आले आणि ठाणे-कुलाब्यात असंतोष पसरला. या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने १८८५ साली वन आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. आयोगापुढील वादात राब हा मध्यवर्ती विषय होता. वनाधिकाऱ्यांच्या दृष्टीने ती झाडांची नासाडी होती. शेतकऱ्यांच्या दृष्टीने राबावाचून भात नव्हते.

या वादाकडे आतापर्यंत हक्कांचा वाद म्हणून पाहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यात आणखी एक गोष्ट घडून गेली. रान हे खताचे कोठार आहे, ही कल्पना उभय पक्षांनी मान्य केली. मतभेद होता तो कोठाराच्या किल्ल्या कोणाकडे असाव्यात याबाबत. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जे. ए. व्हॉल्कर १८८९ ते १८९१ या काळात हिंदुस्थानात फिरले आणि १८९३ साली त्यांचा भारतीय शेतीच्या सुधारणेवरील अहवाल प्रसिद्ध झाला. शेण जळणात जाते म्हणून शेत उपाशी राहते. तेव्हा गावाजवळ सरपण व चारा देणारी राखीव वने निर्माण करावीत, म्हणजे शेण शेताला मिळेल, अशी त्यांची शिफारस होती. शिफारस शहाणपणाची होती. मात्र तिच्यातही वनाचे मोल शेताच्या भुकेवरून ठरते. त्यानंतरची सुमारे शंभर वर्षे हेच माप चालू राहिले.

घाणेरी आणि रानमोडी

या काळात वनात आलेल्या सर्वच परकीय वनस्पती उपयुक्ततेसाठी आल्या असे नाही. घाणेरी, जिला काही भागांत टणटणी म्हणतात, ती एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचे फूलझाड म्हणून आली. रानमोडीही त्याच शतकात त्याच उद्यानाच्या वाटेने आली असे मानले जाते. रान मोडून टाकणारी ती रानमोडी, हे मराठी नाव तिच्या वर्तनाचे शास्त्रीय वर्णनच आहे. केरळात तिला ‘कम्युनिस्ट पच्चा’ म्हणतात. ती पसरली त्याच काळात तो पक्षही तेथे पसरत होता. लोकांनी ठेवलेली अशी नावे इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवण्याजोगी असतात, कारण वनस्पती केव्हा आली याची गावची आठवण त्यांत असते.

घाणेरीचा बंदोबस्त करण्यासाठी तिची पाने पोखरणारी आणि बी खाणारी कीटके बाहेरून आणण्याचे प्रयत्न झाले. बियांवर जगणारी एक माशी १९२१ साली हवाई बेटांतून आणली गेली. घाणेरीवर तिचा म्हणण्याजोगा परिणाम झाला नाही. आजच्या अंदाजानुसार भारतातील सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर वनक्षेत्रात घाणेरी पसरली आहे. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या निम्म्याइतके भरते. या साऱ्या काळात वनखात्याची तक्रार होती ती घाणेरीमुळे सागाचे रोप वर येत नाही, वाट अडते, वणवा भडकतो, ही. तिच्याखालची माती बदलते काय, असा प्रश्न विचारला गेला नाही. तो विचारण्याची भाषाच तेव्हा सिद्ध झालेली नव्हती.

‘सु’बाभूळ आणि उंदीरमारी

दुसरा गट मात्र हेतुपूर्वक आणलेल्या झाडांचा आहे, आणि लेखाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा. १९७६ साली राष्ट्रीय कृषी आयोगाने सामाजिक वनीकरणाचा पुरस्कार केला. १९८२ साली महाराष्ट्रात त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. पडीक गायराने, रस्त्यांच्या कडा, उघडे डोंगर यांवर लवकर वाढणारी, गुरे खाऊन संपवणार नाहीत अशी आणि शक्य तर मातीत नत्र भरणारी झाडे हवी होती.

सुबाभळीची कथा या दृष्टीने बोलकी आहे. मेक्सिको व मध्य अमेरिका हे तिचे मूळस्थान. तिचे उंच वाढणारे वाण हवाई विद्यापीठातील जेम्स ब्रूबेकर यांच्या संशोधनातून पुढे आले. १९७७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने उष्ण कटिबंधासाठी आशादायक चारापीक व वृक्ष म्हणून तिच्यावर स्वतंत्र पुस्तक काढले. महाराष्ट्रात उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या ‘बायफ’ संस्थेने तिचा प्रसार केला. हिंदीत या झाडाला ‘कुबबूल’ असेही नाव होते. आपल्याकडे ‘सुबाभूळ’ रूढ झाले. एका उपसर्गात धोरण कसे सामावते, याचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही. चारा, सरपण, खत आणि मातीत नत्र, असे चारही लाभ एका झाडात होते. १९८८ साली सुबाभळीवर शोषक किडीची मोठी लागण झाली आणि उत्साह ओसरला. पण तोवर ती डोंगर-ओढ्यांच्या कडेने आपली आपण पसरू लागली होती.

गिरिपुष्प हेही मेक्सिको-मध्य अमेरिकेतलेच. उंदरांना मारक म्हणून त्याचे मराठी नाव उंदीरमारी. राबाला पर्याय म्हणून भातशेतीत हिरवळीच्या खताचा प्रचार झाला, त्यात हे झाड बांधावर लावण्यास सुचविले गेले. फांदी रोवली की रुजते, छाटली की पुन्हा फुटते, आणि सुक्या पानात तीन ते चार टक्के नत्र असते. चिखलणीच्या वेळी पाला खाचरात तुडवला की, काही आठवड्यांत तो कुजून जातो. बांधावर हे झाड निःसंशय गुणाचे आहे; त्याने कोकणातल्या ऐन-किंजळीवरचा कोयत्याचा भार थोडासा तरी हलका केला असेल. परंतु तेच झाड पुढे डोंगरउतारांवर सलग लावले गेले. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवरील गिरिपुष्पाची दाट लागवड हे त्याचे परिचित उदाहरण. आपल्या महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतूनही त्या काळात अशी झाडे उत्साहाने लावली गेली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

काटेकोर अर्थाने गिरिपुष्प हे घाणेरीसारखे आक्रमक नाही. त्याची शेंग तडकून बी उडते, रोपेही उगवतात. पण त्याचा विस्तार मुख्यतः माणसाच्या हाताने झाला आहे. तरीही पोषकद्रव्यांच्या दृष्टीने परिणाम वेगळा ठरण्याचे कारण नाही. उन्हाळ्यापूर्वी गळालेला नत्रयुक्त पाला पहिल्या सरींबरोबर झपाट्याने कुजतो. त्या वेळी देशी रोपांची मुळे अद्याप जागी होत असतात. सुटलेल्या नत्राचा लाभ त्वरेने वाढणारे तण उचलते आणि उरलेला मुसळधार पावसात उतारावरून निघून जाण्याचा संभव असतो. खाचराला बांध असतो, उताराला नसतो. बांधावरचा गुण उतारावर गुण राहत नाही, त्याचे एक साधे कारण हेही आहे.

हवाईचा दाखला

नत्र भरणारी वनस्पती वनाला अपायकारक ठरू शकते, हा विचार शास्त्रात रुजला तोही हवाई बेटांतूनच, हा इतिहासातील विलक्षण योग म्हटला पाहिजे. अझोर्स, मदिरा, कॅनरी या अटलांटिकमधील बेटांवरचे फाया नावाचे झाड पोर्तुगीज मजुरांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हवाईत नेले. १९२० च्या दशकात तेथील वनखात्यानेही त्याची लागवड केली. १९६१ साली ते ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानात आढळले आणि पुढे तरुण लाव्हारसावर वाढणाऱ्या ओहिआ वृक्षांच्या विरळ वनात पसरले. त्या मातीत नत्र अत्यल्प आणि स्थानिक वृक्षांत नत्र स्थिर करणारा कोणी नाही. फायाच्या मुळांवरील गाठींत मात्र तसे सूक्ष्मजीव असतात.

पीटर व्हिटोसेक आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली ‘सायन्स’ नियतकालिकात दाखविले की, फायामुळे त्या वनात येणाऱ्या नत्राचे प्रमाण सुमारे चौपट होते आणि वनाच्या घडणीची दिशाच बदलते. केवळ दहा वर्षांपूर्वी, १९७७ साली, नत्र स्थिर करणाऱ्या एका झाडाची जगाला शिफारस झाली होती आणि त्या झाडाचे वाण हवाईतूनच आले होते. रसायन तेच, द्वीपसमूहही तोच. बदलला तो पाहणाऱ्याचा दृष्टिकोन. शेतीतज्ज्ञाला जी भर दिसली, ती परिसरशास्त्रज्ञाला ढवळाढवळ दिसली. २००० साली जगातील शंभर अत्यंत घातक आक्रमक प्रजातींची जी यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञगटाने प्रसिद्ध केली, तीत फाया, घाणेरी, रानमोडी आणि सुबाभूळ ही चारही नावे एकत्र आली.

त्यानंतर अशा अभ्यासांची संख्या वाढत गेली. २००८ साली चौऱ्याण्णव अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. आक्रमक वनस्पतींच्या क्षेत्रात पालापाचोळा कुजण्याचा वेग सरासरीने दुपटीहून अधिक असल्याचे त्यात आढळले. ही सरासरी आहे, हे विसरता कामा नये.

भारतातील पुरावा आणि त्यातील गुंतागुंत

विंध्य प्रदेशातील शुष्क पानझडी वनात ज्ञानप्रकाश शर्मा आणि रघुवंशी यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घाणेरीचे आच्छादन जसजसे दाट होते तसतसा मातीत उपलब्ध होणारा नत्र वाढतो असे आढळले. घाणेरी स्वतः नत्र स्थिर करीत नाही. तिचा पाला आणि तिच्या जाळीखाली अडकून राहिलेली इतर पाने यांच्या कुजण्यातून हा बदल होतो. अशी माती शेतकऱ्याला दाखविली तर तो तिला चांगली म्हणेल. त्याच लेखकांनी २००७ साली दाखविले होते की, दाट घाणेरीखाली वृक्षांची संख्या घटते. माती ‘सुधारते’ आणि रान मोडते, हे दोन्ही एकाच जागी घडते.

तथापि सर्वच पुरावा एका दिशेला जात नाही. ईशान्य भारतातील झूम शेतीवर पी. एस. रामकृष्णन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दीर्घकाळ काम केले. झूमचे फेरे आखूड झाले की पडीक जमिनीवर मिकानिया ही परकीय वेल पसरते. स्वामी व रामकृष्णन यांनी १९८७ साली दाखविले की, ही वेल जळून गेलेल्या उतारावरील पालाश आपल्या अंगात साठवून वाहून जाण्यापासून वाचविते. म्हणजे आसाम-मेघालयात मिकानिया काही काळ तरी मातीची राखणदार ठरते. प्रस्तुत लेखकाच्या मते हा दाखला पहिल्याला खोडून काढीत नाही. कोणते द्रव्य, कोणत्या मातीत, कोणत्या टप्प्यावर आणि कोणाच्या वतीने मोजले, यावर उत्तर अवलंबून असते, एवढेच तो ठसवितो.

कर्नाटकातील बिळिगिरी रंगन डोंगरांचा अनुभव याहून अधिक ऐतिहासिक आहे. १९७४ साली तेथे अभयारण्य घोषित झाले आणि सोलिगा आदिवासींची पालापाचोळ्याला हलकी आग देण्याची प्रथा, जिला ते ‘तरगु बेंकी’ म्हणतात, बंद पाडण्यात आली. १९९७ आणि २००८ या दोन वर्षी तपासलेल्या भूखंडांत घाणेरी असलेल्या भूखंडांचे प्रमाण ४१ टक्क्यांवरून ८१ टक्क्यांवर गेले. अंकिला हिरेमठ आणि भरत सुंदरम् यांनी २००५ साली असे गृहीतक मांडले होते की, आग आणि घाणेरी परस्परांना पोसतात. आगीने जागा मोकळी होते, घाणेरी ती व्यापते आणि पुढील आगीला इंधन पुरविते. सोलिगांचे म्हणणे याला पूरक तरी वेगळे आहे. हंगामाच्या आरंभी दिलेली हलकी आग घाणेरीचे रोप मारीत असे. ती बंद झाल्याने काटक साठले आणि मग लागणारी आग भयंकर झाली. दर मोठ्या आगीत नत्र धुरातून निघून जातो, हे राबाच्या संदर्भात आपण पाहिलेच. ठाण्याचा राब आणि बिळिगिरीची तरगु बेंकी या दोन्ही प्रथांना वनखात्याने नासाडी म्हटले. दोन्हींत पोषकद्रव्यांच्या वेळापत्रकाचे ज्ञान होते.

झाड काढल्यानंतर

अलीकडे परकीय झाडे काढून देशी झाडे लावण्याची भूमिका सर्वत्र मान्य होत आहे. ती योग्य आहे. परंतु झाड काढले तरी त्याने भरलेला नत्र मातीत राहतो. दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनजवळची वाळू धरून ठेवण्यासाठी एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियन बाभळी लावल्या गेल्या. पुढे त्या स्थानिक फिनबॉस झुडुपांच्या प्रदेशात पसरल्या. १९९५ पासून त्या तोडण्याचा मोठा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. स्टेफनी येलेनिक आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखविले की, बाभळी तोडल्यानंतरही माती नत्राने समृद्ध राहते आणि त्या समृद्धीचा लाभ परकीय गवतांना मिळतो. कृश मातीची सवय असलेल्या स्थानिक झुडुपांना नाही.

दख्खनच्या टेकड्यांवरची मूळ वनश्रीही कृश मातीची आहे. पातळ मातीवरची गवते, विरळ काटेरी झाडे, पावसाळ्यात महिनाभर दिसणाऱ्या वनस्पती यांना भरघोस नत्राची गरज नसते. तरीही गिरिपुष्प काढून जेथे देशी रोपे लावली जातात, तेथेही खड्डा घेऊन त्यात पोयटा आणि शेणखत भरण्याची पद्धत कायम आहे. रोपवनाच्या नोंदवहीत खड्ड्यांची संख्या, रोपांची जात आणि जगलेल्या रोपांचे टक्के यांना रकाने असतात. मातीतील नत्राला रकाना नसतो. तो घालावयाचा झाल्यास तुलनेसाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. सह्याद्रीच्या कुशीत अनेक गावांना देवराई आहे. गिरिपुष्पाच्या उताराला लागून असलेल्या देवराईत खडक तोच, पाऊस तोच, आणि लागवड कधीच झालेली नाही. दोन्ही ठिकाणची मृगापूर्वीची आणि मृगानंतरची माती आपल्या महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांत तपासता येते. लागवडीचे वर्ष शोधून देण्याचे काम इतिहास विभागाने करावयाचे आहे.